व्हिडिओतल्या गाडीचा माग कसा ठेवायचा?

चौकातला कॅमेरा स्थिर असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे बॅकग्राउंड सबट्रॅक्शन. रिकाम्या रस्त्याचं चित्र वजा करा, उरेल ते हलणारं. पण कॅमेरा हलला की खेळ खल्लास!

लुकास आणि कानडे यांची १९८१ची ऑप्टिकल फ्लो पद्धत ठळक बिंदू पकडून ते पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले ते शोधते. वस्तूने लांब उडी मारली तर मात्र गडबडते.

माझा कल २०१६च्या 'सॉर्ट'कडे. डिटेक्टर प्रत्येक फ्रेममधल्या गाड्या ओळखतो, काल्मन फिल्टर त्या पुढे कुठे असतील याचा अंदाज बांधतो आणि हंगेरियन अल्गोरिदम अंदाज व प्रत्यक्ष चौकटी यांच्या जोड्या लावतो. रंगरूप पाहतच नाही, म्हणून वेगवान. पण रिक्षा बसमागे लपून बाहेर आली की बहुधा तिला नवाच नंबर! 'डीपसॉर्ट'ने पुढच्याच वर्षी दिसण्याची खूणही जपली; हिशेब मात्र जड झाला. २०२१च्या 'बाइटट्रॅक'ची युक्ती त्याहून झकास: डिटेक्टरला खात्री नसलेल्या चौकटीही फेकायच्या नाहीत, आधी जुन्या मार्गांशी जुळवून बघायच्या.

लॅपटॉप जुना असेल तर ओपनसीव्ही या लायब्ररीतल्या एमओजी२ या बॅकग्राउंड सबट्रॅक्शनच्या पद्धतीपासून सुरुवात करा. त्यात सावल्या वेगळ्या, राखाडी दाखवायची सोय आहे.