धुण्याच्या पुडीचा भाव आणि गुण

माळव्याच्या बाजारात एक म्हण पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते : महाग घेणारा एकदाच रडतो, स्वस्त घेणारा वारंवार रडतो. ही म्हण आपणां व्यापाऱ्यांना सोयीची आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या व्यवहारात माल हातात घेऊन पारखता येतो, तेथे ती बहुधा खरीही ठरते. गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहता येतो, कापडाचा पोत बोटांना कळतो, सोन्याला कसोटी असते. जो माल बंद वेष्टनात येतो, घरी गेल्यावर पाण्यात विरघळून जातो आणि ज्याचा गुण दुसऱ्याच वस्तूच्या अंगावर पाहावा लागतो, त्याच्या बाबतीत या म्हणीचा आधार कितपत घ्यावा? कपडे धुण्याची पूड हा असा माल आहे. एकाच फळीवर शेजारीशेजारी मांडलेल्या दोन पुड्यांच्या भावात दुपटी-तिपटीचे अंतर असते. गल्ल्यासमोर उभी असलेली गृहिणी विचारते, “भाऊ, यातली चांगली कोणती?” आपण तिला उत्तर देतो आणि ती त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजते. ते उत्तर आपण कशाच्या बळावर देतो? जाहिरातीच्या, कंपनीने दिलेल्या सुटीच्या, की पुडी भिजवून पाहिल्याच्या? प्रश्न थोडा अडचणीचा आहे, म्हणूनच तो येथे काढला आहे.

या प्रश्नाची सर्वांत मोठी परीक्षा आपल्या शेजारच्या गुजरातेत होऊन गेली आहे. १९५९ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीने ‘सर्फ’ बाजारात आणले. त्यापूर्वी घरोघरी साबणाची वडी, सोडा आणि रिठे यांवर भागत असे. पूड बादलीत टाकून कपडे भिजत घालण्याची सवय मध्यमवर्गाला मुख्यतः सर्फने लावली. १९६९ साली करसनभाई पटेल नावाच्या एका रसायनज्ञाने, गुजरात सरकारच्या खनिज खात्यातील नोकरी सांभाळून, अहमदाबादेत घरच्या घरी पूड मिसळण्यास प्रारंभ केला. सायकलवरून दारोदार जाऊन ते ती विकत. आपल्या मुलीच्या नावावरून त्यांनी तिला ‘निरमा’ हे नाव दिले. सर्फसारखी पूड किलोला सुमारे तेरा रुपये असताना निरमा सुमारे तीन रुपयांस मिळे. मोठी यंत्रे नाहीत, विजेचा वापर नाही, म्हणून लघुउद्योगाला मिळणारी करसवलत आहे, अशा हिशेबावर तो भाव उभा होता. दीड दशकाच्या आत निरमाने खपात सर्फला मागे टाकले.

त्या काळची निरमा सर्फइतकी चांगली होती काय? नव्हती. तिच्यात धुण्याच्या सोड्याचे प्रमाण अधिक होते, कपड्याला उजळपणा देणारी द्रव्ये व सुगंध नव्हता आणि हातांची आग होते अशी तक्रार असे. तरीही लाखो घरांनी ती स्वीकारली. या घरांतील बायका फसल्या असे म्हणणे हा त्यांच्या व्यवहारज्ञानाचा अपमान होईल. ज्यांना तेरा रुपयांची पूड परवडतच नव्हती, त्यांची तुलना सर्फशी नव्हती, पिवळ्या साबणाच्या वडीशी होती, आणि त्या तुलनेत निरमा जिंकली.

याला उत्तर म्हणून १९८० च्या दशकात सर्फच्या जाहिरातीत ‘ललिताजी’ अवतरली. ॲलिक पदमसी यांच्या जाहिरातसंस्थेने घडविलेली ही चोखंदळ गृहिणी अभिनेत्री कविता चौधरी यांनी साकारली. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, आणि अर्धा किलो सर्फ हे एक किलो स्वस्त पुडीच्या बरोबरीचे आहे, असा तिचा युक्तिवाद होता. हिशेबनिसाच्या नजरेने या विधानाकडे पाहिले तर एक मौज दिसते. सर्फ दुप्पट पुरते हे क्षणभर मान्य केले, तर त्याचा भाव स्वस्त पुडीच्या दुपटीपर्यंत असेल तोवरच ललिताजीचा व्यवहार शहाणपणाचा. भाव तिपटीने किंवा चौपटीने अधिक असेल, तर तिच्याच तोंडच्या आकड्यांनी स्वस्त पुडीचा पक्ष सिद्ध होतो. जाहिरात पाहणाऱ्या किती जणांनी हा त्रैराशिकाचा हिशेब केला असेल, कोण जाणे! परंतु दर किलोच्या भावाऐवजी दर धुण्याच्या खर्चाकडे बोट दाखविले, हे त्या जाहिरातीचे श्रेय नाकारता येणार नाही.

पुढे काय झाले तेही बोधप्रद आहे. हिंदुस्थान लिव्हरने ‘व्हील’ नावाची स्वस्त पूड काढली आणि तिने हातांची आग होत नाही असे आवर्जून सांगितले. निरमानेही कालांतराने ‘सुपर निरमा’ नावाची अधिक भावाची पूड काढली. महागवाल्याला स्वस्त माल काढावा लागला, स्वस्तवाल्याला महाग. आज हिंदुस्थान युनिलिव्हर या एकाच कंपनीच्या व्हील, रिन आणि सर्फ एक्सेल अशा तीन भावांच्या पुड्या आपल्या फळीवर असतात. एकच कारखानदार तीन भाव लावतो, तेव्हा फरक केवळ नावाचा नसून घटकांचा असावा, असे अनुमान निघते.

ते घटक कोणते? प्रत्येक पुडीत मळ सोडविणारे एक मुख्य द्रव्य असते. आपल्याकडे ते बहुधा खनिज तेलापासून बनलेल्या आम्लाचे असते. लघुउद्योगात त्यालाच ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात. हे द्रव्य महाग, म्हणून स्वस्त पुडीत ते कमी आणि धुण्याचा सोडा, मीठ, सोडियम सल्फेट यांची भर जास्त. भारतीय मानक संस्थेच्या आय.एस. ४९५५ या मानकात पुड्यांच्या प्रती ठरविताना या द्रव्याचे किमान प्रमाण पाहिले जाते. महाग पुडीत याखेरीज पाण्यातील क्षार बांधून ठेवणारी द्रव्ये, निघालेला मळ पुन्हा कपड्यावर बसू न देणारे द्रव्य, वरण-दूध-तुपाचे डाग पचविणारी एन्झाइमे आणि कपड्याला निळसर तेज देणारी द्रव्ये असतात.

एन्झाइमांविषयी आपल्या वाचकवर्गात एक शंका साहजिक आहे. १९१३ साली जर्मनीत ओटो र्‍योम यांनी प्रथम ही कल्पना प्रत्यक्षात आणली, तेव्हा ती प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढीत. आज पुडीत वापरली जाणारी एन्झाइमे कारखान्यातील टाक्यांत सूक्ष्मजीवांकरवी तयार होतात. ज्याला यातही संकोच वाटेल, त्याने वेष्टनावरील घटक वाचून निर्णय करावा.

तेज देणाऱ्या द्रव्यांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. ती मळ काढीत नाहीत. सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून ती निळसर प्रकाश बाहेर टाकतात आणि पिवळट झालेला सदरा डोळ्यांना शुभ्र भासतो. आपल्या आजीची निळीची पुरचुंडी जवळपास हेच काम करीत असे. फेसाचेही तसेच. फेस आला की मळ गेला, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की कारखानदारही तिला शरण जातात. वस्तुतः फेस हा मळ काढण्याचे माप नव्हे, आणि तो धुऊन टाकण्यास बादल्याच्या बादल्या पाणी खर्ची पडते. टंचाईच्या दिवसांत हा खर्चही पुडीच्या किमतीत धरावयास हवा.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर इंदूरकरांनी येथे थोडे थांबावे, कारण या शहरात प्रश्नाचे उत्तर मोहल्ल्यागणिक पालटू शकते. १९७८ पासून मंडलेश्वरजवळील जलूद येथून नर्मदेचे पाणी घाट चढून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून इंदूरला येते. ज्या घरांना ते पुरत नाही, ती काळ्या पाषाणात खोदलेल्या बोअरच्या पाण्यावर राहतात. बोअरचे पाणी नदीच्या पाण्यापेक्षा बहुधा जड असते, म्हणजे त्यात चुना व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम अशी आहे. यावरून अंतर किती मोठे असू शकते याची कल्पना यावी. अशा पाण्यात मळ काढणाऱ्या द्रव्याची बरीच शक्ती क्षारांशी झुंजण्यातच संपते. सोडा पाण्यातील चुना खाली बसवितो खरा, परंतु त्याचे सूक्ष्म कण कपड्यावरही बसतात. काही महिन्यांत पांढरे धोतर राखट आणि टॉवेल खरखरीत होतो, व दोष धोब्याच्या माथी जातो. म्हणून बोअरच्या पाण्यावर धुणाऱ्या घराला महाग पुडीचा फरक जाणवण्याचा संभव अधिक, आणि नर्मदेच्या पाण्यावर धुणाऱ्याला कमी. एकीच्या अनुभवावरून शेजारणीने पुडी बदलू नये, ती याचसाठी.

परदेशांत याच्या पद्धतशीर चाचण्या होतात. १९६४ साली स्थापन झालेली जर्मनीतील ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था ठरावीक डागांची कापडे धुऊन, त्यांवरून परतणारा प्रकाश यंत्राने मोजून पुड्यांना गुण देते. तेथे स्वस्त दुकानसाखळ्यांच्या स्वतःच्या नावाच्या पुड्या अनेकदा नामांकित महाग पुड्यांच्या बरोबरीने वा पुढे आलेल्या आहेत. आपल्या देशात मुंबईची कन्झ्युमर गायडन्स सोसायटी १९६६ पासून आणि अहमदाबादचे ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्र १९७८ पासून ग्राहकांचे हित पाहत आली आहेत. परंतु जर्मनीचे निकाल जसेच्या तसे आपल्याला लागू पडत नाहीत. तेथे यंत्र आणि कोमट वा ऊन पाणी, येथे पुष्कळ घरांत अजून बादली, ब्रश आणि गार पाणी. तेथील डागांत हळद नाही!

तेव्हा परीक्षा घरीच करावी, आणि ती अवघड नाही. एक जुनी पांढरी सुती चादर घ्यावी व तिचे वीतभर लांबीरुंदीचे सारखे तुकडे करावे. प्रत्येकावर तूप घातलेले वरण, चहा, खोबरेल आणि काळ्या मातीचा चिखल असे चार डाग सारख्या मापाने लावून रात्रभर वाळू द्यावे. तुकड्यांवर पुडीचे नाव लिहू नये. काठाला एक, दोन, तीन असे टाके घालावेत, आणि कोणत्या टाक्याला कोणती पुडी हे ज्याला ठाऊक नाही त्यानेच निकाल सांगावा, कारण भाव ठाऊक असलेल्या डोळ्याला महाग तुकडा आपोआप पांढरा दिसतो. पाणी एकाच नळाचे व मोजून, भिजण्याची वेळ सारखी, चोळणारा हात एकच. एक तुकडा पुडीशिवाय नुसत्या पाण्यात धुवावा. पुष्कळ चिखल त्यानेही निघतो, आणि त्याचे श्रेय आपण एरवी पुडीला देत असतो.

ही परीक्षा दोन वेळा केली पाहिजे. पहिल्या वेळी सर्व पुड्या सारख्या वजनाच्या घ्याव्या. तीत महाग पुडी, विशेषतः तुपाच्या व वरणाच्या डागांवर, वरचढ ठरण्याची शक्यता मोठी. परंतु हा रसायनज्ञाचा प्रश्न झाला. गृहिणीचा प्रश्न दुसऱ्या वेळी सुटतो : सारख्या पैशाची पूड घ्यावी. दोन रुपयांची ही आणि दोन रुपयांची ती. आता वेष्टनावर दर ग्रॅमची वा दर किलोची किंमत छापण्याचा नियम झाला आहे, त्यामुळे हा हिशेब शाळकरी मुलगाही करील. रोजच्या धुळीच्या, घामाच्या कपड्यांना सारख्या पैशात स्वस्त पुडी मागे पडत नसेल, तर महाग पुडी डागांच्या कपड्यांपुरती राखून ठेवण्यास काय हरकत आहे? हळदीचा डाग मात्र कोणत्याच पुडीच्या नावावर जमा करू नये. सोड्याने तो आधी लाल होतो आणि पुढे उन्हात विटतो.

काही कपड्यांच्या बाबतीत तर भावाचा क्रम उलटाच लागतो. प्रथिनांचे डाग पचविणारे एन्झाइम रेशीम व लोकर यांनाही सोडीत नाही, कारण हे दोन्ही धागे प्रथिनांचेच. महेश्वरी साडीला किंवा पैठणीला महागातली महाग एन्झाइमची पूड लावणे म्हणजे पैसे देऊन नुकसान विकत घेणे होय, आणि सोड्याची स्वस्त पूडही तेथे तितकीच अयोग्य. तेथे रिठ्याचे पाणी किंवा सौम्य द्रव साबणच योग्य. साडी विकणाऱ्या आपल्या कापडबाजारातील बंधूंनी गिऱ्हाइकाला घडी बांधून देताना एवढे सांगितले, तर साडी दहा वर्षे अधिक नांदेल.

राहिला हातांचा प्रश्न. वरील परीक्षेत तो कोणत्याही तुकड्यावर दिसत नाही. सोड्याचे प्रमाण भारी असलेल्या पुडीने त्वचा कोरडी पडून भेगाळते, आणि बहुतेक घरांत ती त्वचा पुडी निवडणाऱ्याची नसून धुणे धुणाऱ्या बाईची असते. दुसऱ्या परीक्षेत दोन पुड्या बरोबरीत सुटल्या, तर निकाल तिला विचारावा. पुडीचा कस तिच्या बोटांना आधीच कळलेला असतो.