दारात आलेली बँक

म्हसवडला 1997 मध्ये चेतना सिन्हांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आधीचा परवान्याचा अर्ज बायका निरक्षर म्हणून फेटाळला होता. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. पण बँक गाठायची तर कमावत्या आईची मजुरी बुडते, पोराला कुणाच्या तरी हवाली करावे लागते. म्हणून हातात मावणारे यंत्र घेऊन बँकेची प्रतिनिधीच येते: आईच्या काखेत मूल, पुढ्यात भाजीची पाटी, पावती जागच्या जागी. यंत्राने चूल थोडीच सुटते, असे कुणी म्हणेल. नाही सुटत, आणि ती घरच्यांनी वाटून घ्यायलाच हवी. पण 2017 च्या कायदादुरुस्तीने आलेली 26 आठवड्यांची प्रसूती रजा नोकरदारणीला. बाजारात बसणारीला रजा कोण देणार? बँक दारात आली की तिचा निदान अर्धा दिवस तरी वाचतो.