आजारी आई-वडिलांची सेवा: धम्म काय सांगतो, आपण काय करतो?

दरवर्षी २५ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमधून, चाकण-तळेगावकडून आपले बांधव देहूरोडच्या बुद्धविहाराकडे निघतात. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती तिथे स्थापन केली. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्या दिवशीचे बाबासाहेब ६३ वर्षांचे होते आणि मधुमेहाने व पायांच्या दुखण्याने खंगलेले होते, हे आपण फारसे आठवत नाही.

त्यांचे पथ्य आणि औषधपाणी घरात कुणीतरी सांभाळत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाल्यापासून ६ डिसेंबर १९५६ पर्यंत ही शुश्रूषा माईसाहेबांनी, म्हणजे डॉ. सविता आंबेडकरांनी केली. त्या स्वतः डॉक्टर होत्या. महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या वाट्याला संशय आला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. पुढची अनेक वर्षे त्या चळवळीपासून दूरच राहिल्या.

आपल्या घरांतही सेवा करणाऱ्याच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच येते. पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली आपली कामगार पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून आलेली ही माणसे. कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला लकवा. मुलगा चाकणला कंत्राटी कामावर. पहाटे कंपनीची बस पकडायची आणि ट्रॅफिकमधून रात्री परतायचे. मग गोळ्या, जेवण, अंघोळ, लघवीचे भांडे, दवाखान्याची रांग हे सगळे एकाच बाईवर येते. ती सून असते, मुलगी असते किंवा स्वतःच थकलेली बायको. पाठीला जखम झाली की पाहुणे विचारतात, "लक्ष नव्हतं का?" सगळे नीट चालले असेल तेव्हा मात्र कुणी काही विचारत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्खू त्याच्याकडे जात नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायाकडून धरून त्याला खाटेवर ठेवले. त्यानंतर संघाला बोलावून बजावले की आजाऱ्याची सेवा करणे ही सगळ्यांची जबाबदारी आहे. तिथेच सेवा करणाऱ्याचे, म्हणजे गिलानुपट्ठाकाचे पाच गुण सांगितले आहेत. ते आजही घरात जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला गुण, औषध देता येणे. एका वहीत गोळीचे नाव, वेळ आणि शुगर-बीपीचे आकडे लिहा, म्हणजे घरातल्या कुणालाही औषध देता येईल. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. टोचण्याची जागा रोज थोडी बदला.

दुसरा, पथ्य-अपथ्य कळणे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकले तर शुगर एकदम उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्याचे तळपाय रोज बघा, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. बीपी असेल तर लोणचे-पापड कमी करा, आणि आकडा चांगला आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

तिसरा, लोभ नसणे. म्हाताऱ्याचे पासबुक आणि अंगठा यांच्यासाठी केलेली सेवा ही सेवा नव्हे.

चौथा, मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस न करणे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. टाचा, माकडहाड, कंबर इथली कातडी लाल झाली तर ती जखमेची सुरुवात असते. हे काम बायकांचेच, असे धम्मात कुठेही म्हटलेले नाही. खुद्द तथागतांनी ते केले. वडिलांचे डायपर बदलायला लाजणाऱ्या मुलाने ही कथा पुन्हा वाचावी.

पाचवा, अधूनमधून धम्माचे बोलून मनाला उभारी देणे. संध्याकाळी शेजारी बसून वंदना म्हणा, भीमगीते लावा, जमेल तेव्हा व्हीलचेअरवरून विहारात न्या. आजाऱ्याला गोळीइतकीच माणसांची गरज असते.

सेवेला पैसाही लागतो, आणि इथे आपण आपला हक्कच विसरतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल आला. त्यातूनच १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, म्हणजे आपले 'ईएसआय', उभा राहिला. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कंत्राटी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. त्यावर तुमच्यावर अवलंबून असलेल्या, ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. अट एकच, त्यांची नावे तुमच्या ई-पहचान पत्रावर हवीत. आजच तपासा. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी ही सोय सुरू ठेवता येते. चिंचवडच्या मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळते, मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही.

मंडळांनी आणि तरुणांनी एवढे तरी करावे. पौर्णिमेला विहारात जमल्यावर वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करा. त्याच यादीत त्यांची सेवा कोण करते तेही लिहा. आठवड्यातून एक दुपार दोघांनी जाऊन आजाऱ्याजवळ बसायचे, म्हणजे त्या बाईला झोप मिळेल किंवा स्वतःला दवाखान्यात दाखवता येईल. घरातल्या भावांनी सुट्टीचा दिवस वाटून घ्यावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलालाही सकाळी एक इन्सुलिन टोचता येते.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जाल तेव्हा घरी कोण थांबले आहे, ते बघून निघा. दर वर्षी तीच थांबत असेल, तर यंदा तुम्ही थांबा आणि तिला जाऊ द्या.