‘कट्यार’मधली झरीना आणि ज्येष्ठ अभिनेत्रींचा लांबचा प्रवास

नागपूर : ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाचं नाव काढलं की नागपूरकरांना दोन माणसं लगेच आठवतात. एक म्हणजे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, आपल्याच शहरात ‘रंजन कला मंदिर’ उभं करणारे मास्तर. दुसरे डॉ. वसंतराव देशपांडे. मूर्तिजापूरचा जन्म, पण गाण्याची घडण नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींकडे झाली. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह आज त्यांच्याच नावाने आहे. तिसरं नाव मात्र पटकन ओठावर येत नाही. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांची मुलगी झरीना जिने उभी केली, त्या फय्याज.

पूर्ण नाव फय्याज इमाम शेख. गाव सोलापूर. १९६७ च्या डिसेंबरात ‘नाट्यसंपदा’ने ‘कट्यार’ रंगमंचावर आणलं, तेव्हा संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं होतं आणि समोर वसंतरावांसारखा गवई. त्यांच्यापुढे उभं राहून गायचं आणि संवादही म्हणायचे, हे साधं काम नव्हतं. संगीत नाटकात नटी वेगळी आणि गायिका वेगळी असं चालत नाही. पार्श्वगायन नाही, रिटेक नाही. तीन-साडेतीन तास गळा आणि चेहरा दोन्ही जागेवर लागतात. आवाज बसला असेल तरी रात्रीचा प्रयोग होतोच, कारण तिकिटं विकलेली असतात.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात घ्यावी. मराठी रंगभूमीवर तेव्हा मुस्लिम घर दिसायचं ते बहुतेक ऐतिहासिक नाटकांतल्या दरबारापुरतं. दारव्हेकरांनी मात्र एका मुस्लिम गवयाचं घर, त्याची मुलगी, त्याचा अभिमान आणि त्याची हार-जीत नाटकाच्या मधोमध ठेवली. खाँसाहेब हट्टी आहे, गर्विष्ठ आहे, पण त्याच्या गायकीवर लेखकाचं प्रेम आहे हे कुणालाही कळतं. आणि त्या घरातली मुलगी खरोखरच एका शेख घराण्यातून आलेल्या मराठी मुलीने साकारली.

पुढे फय्याज कुसुमाग्रजांच्या ‘वीज म्हणाली धरतीला’मध्येही दिसल्या, गायल्या. नाट्यगीत, लावणी, ठुमरी, गझल असं सगळं त्यांच्या गळ्यातून लोकांनी ऐकलं. हृषिकेश मुखर्जींच्या ‘आलाप’ (१९७७) या हिंदी चित्रपटातही त्यांचा आवाज आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये बेळगावला ९५ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष फय्याजच होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुबोध भावेंचा ‘कट्यार’ चित्रपट आला. पडद्यावरची झरीना अमृता खानविलकर होती.

आता थोडं मागे जाऊ. मराठी रंगभूमीवर बायकांची कामं बराच काळ पुरुषच करायचे. बालगंधर्व हे त्यातलं सर्वात मोठं नाव. चांगल्या घरातल्या बायकांनी स्टेजवर उभं राहायचं नाही, हा नियम एकट्या मुस्लिम समाजाचा नव्हता, सगळ्यांचाच होता. तो मोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकर पुढे होत्या. मिरजेत जन्मलेल्या, किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मुलगी. १९२९ च्या सुमारास त्यांनी स्वतःची नाटक कंपनी काढली आणि स्त्री-भूमिका स्त्रियांनीच करायच्या असं ठरवलं. पुढे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यातही स्त्री-भूमिका स्त्रियांच्याच होत्या. मग वाट मोकळी होत गेली.

सिनेमात तर सुरुवातच उर्दू रंगभूमीवरच्या बायकांपासून होते. फातमा बेगम नाटकातून मूकपटात आल्या आणि १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित करून देशातल्या पहिल्या महिला दिग्दर्शक ठरल्या. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१), त्याची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी.

मग प्रश्न येतो, एवढी जुनी परंपरा असूनही नाटकातल्या बाईला सिनेमात मोठं काम उशिरा का मिळतं? कारण सरळ आहे. सिनेमाला नायिका विशीतली लागते. नाटकात कसलेली नटी पडद्यावर पोचते तोवर तिच्यासाठी आई, सासू, मावशी एवढंच उरतं. रोहिणी हट्टंगडींचंच बघा. पुण्याची मुलगी, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं शिक्षण, ‘गांधी’ (१९८२) मध्ये कस्तुरबा, त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. आणि १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनच्या आई! अमिताभ वयाने त्यांच्यापेक्षा मोठे. नायकाचं वय मोजायचं नाही आणि नायिकेचं मात्र तिशीतच संपवायचं, हा धंद्याचा हिशेब आहे. कलेशी त्याचा संबंध नाही.

टीव्हीने ही कोंडी काही प्रमाणात फोडली. मालिका घरात बघितली जाते आणि घरात सासू, आजी, आत्या असतातच. ई-टीव्ही मराठीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. तीन हजारांहून जास्त भाग झाले आणि मध्यभागी होत्या रोहिणीताईच. हिंदीत सुरेखा सिक्रींना ‘बालिका वधू’ (२००८) मधल्या दादीसाने घराघरात पोचवलं. तोवर त्यांच्या मागे दिल्लीतली कितीतरी वर्षांची रंगभूमी होती.

पण मालिकेचं काम कष्टाचं. शिफ्ट बारा तासांची, सीन बहुतेकदा त्याच दिवशी हातात येतो. पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात. टीआरपी पडला की ट्रॅक बंद आणि पात्र ‘गावाला गेलं’. नाटकात ‘नाइट’ मिळते, म्हणजे प्रयोगाचे पैसे. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. पगारी रजा, पेन्शन यातलं काहीच नाही. म्हणून बहुतेक ज्येष्ठ अभिनेत्री तिन्हीकडे पाय ठेवून असतात. शौक म्हणून कमी, घर चालावं म्हणून जास्त.

हे किती नाजूक आहे ते कोरोनात दिसलं. मे २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने शूटिंगला परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई. म्हणजे आजी दाखवायची, पण आजीच्या वयाची बाई येऊ द्यायची नाही. सुरेखा सिक्रींनी तेव्हा उघड सांगितलं होतं की आपल्याला काम करायचं आहे. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ‘बधाई हो’ (२०१८) साठी तिसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या सुरेखाजी जुलै २०२१ मध्ये गेल्या.

या सगळ्यात जोहरा सहगल यांचा हिशेब वेगळाच. जन्म १९१२, सहारनपूर, रोहिला पठाण घराणं. लाहोरला शिक्षण, मग जर्मनीत ड्रेस्डेनला नृत्य शिकल्या. १९३५ पासून उदय शंकर यांच्या चमूत, १९४५ पासून पृथ्वी थिएटर्समध्ये जवळपास चौदा वर्षं. धाकटी बहीण उजरा तिथेच नायिका होती. ती पुढे पाकिस्तानात गेली. १९९३ मध्ये दोघी बहिणी लाहोरला ‘एक थी नानी’ या नाटकात पुन्हा एकत्र उभ्या राहिल्या. जोहराबींना पती गेल्यावर १९६२ मध्ये लंडन गाठावं लागलं, तिथे मिळेल ते काम केलं. ‘द ज्वेल इन द क्राउन’ ही ब्रिटिश मालिका १९८४ ची, म्हणजे तेव्हा वय ७२. ‘दिल से’ ८६ व्या वर्षी, ‘बेंड इट लाइक बेकहम’ ९० व्या वर्षी, ‘चीनी कम’ ९५ व्या वर्षी. पद्मविभूषण २०१० मध्ये. इंतेकाल १० जुलै २०१४ ला, १०२ वर्षांच्या असताना.

मुलीने कॉलेजच्या एकांकिकेत काम करायचं म्हटलं की मोमिनपुऱ्यात काय, जाफर नगरात काय, घरात चर्चा होतेच. ती कुटुंबाने आपल्या परीने करावी. मात्र ‘आपल्यातल्या बायका या क्षेत्रात कधी नव्हत्याच’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, एवढं वर दिलेल्या नावांवरून दिसतं. आणि मुलीला या वाटेने जायचंच असेल तर हातात दुसरी डिग्री किंवा नोकरी असू द्यावी, हा सल्ला धर्म कुठलाही असो, लागू पडतो.

शेवटी एक उपयोगाची माहिती. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे. २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळतात. वय ५० पूर्ण, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, या मुख्य अटी. ही योजना फक्त नाटक-सिनेमावाल्यांसाठी नाही. लोककलावंतही अर्ज करू शकतात. आपल्या वस्तीत वर्षानुवर्षं कव्वाली गाणारे, ढोलक-हार्मोनियमवर साथ करणारे कुणी असतील, तर जुन्या कार्यक्रमांची पत्रकं, बातम्यांची कात्रणं, प्रमाणपत्रं जपून ठेवायला सांगा. अर्जासोबत कामाचे पुरावे लागतात आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.