ओठ थकण्याआधी: मुंबईतल्या गोवेकर ट्रम्पेटवाल्यांची दुसरी कारकीर्द

ट्रम्पेट म्हणजे जेमतेम दीड मीटर लांबीची वळवून बसवलेली पितळी नळी, तीन पिस्टन आणि वाटीसारखा छोटा माउथपीस. सतारीला तार असते, क्लॅरिनेटला पत्ती असते. इथे थरथरायचं काम वादकाच्या ओठांनाच करावं लागतं. तार तुटली तर दुसरी बसवता येते, पत्ती चिरली तर दुकानातून आणता येते. ओठाचा स्नायू ढिला पडला, हिरड्या सुजल्या, पुढचा दात हलायला लागला की पोटावरच गदा येते. म्हणून ट्रम्पेटवाल्याची कारकीर्द व्हायोलिनवाल्याच्या किंवा तबलजीच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही. या वाद्यावर जगणाऱ्याला, पहिला धंदा भरात असतानाच, दुसऱ्या धंद्याची बेगमी करावी लागते. मुंबईत चाळीस ते सत्तरच्या दशकांत वाजवणाऱ्या गोवेकर ट्रम्पेटवाल्यांनी ती केली. त्यांच्याविषयी सिनेमाने गिळलेले जॅझवाले म्हणून हळहळण्याची पद्धत पडली आहे. ती हळहळ बरीचशी अस्थानी आहे.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण या वादकांचे आदर्श तिथलेच होते. शिकागोत जॅझ नावारूपाला आणणारा किंग ऑलिव्हर हा लुई आर्मस्ट्राँगचा गुरू. 1922 मध्ये त्यानेच आर्मस्ट्राँगला आपल्या बँडमध्ये बोलावून घेतलं. हिरड्यांच्या आजाराने ऑलिव्हरचे दात गेले, फुंक गेली, आणि 1938 मध्ये तो वारला तेव्हा सव्हाना शहरातल्या एका पूल हॉलमध्ये झाडलोट करत होता. आर्मस्ट्राँगचाही ओठ तिशीतच फाटला होता आणि त्याला काही महिने वाद्य खाली ठेवावं लागलं होतं. तरीही तो 1971 पर्यंत, मरेपर्यंत, जगाचा लाडका राहिला, कारण त्याच्याकडे गळा होता. साठच्या दशकात त्याची जी गाणी जगभर वाजली, ती लोकांनी त्याच्या खरखरीत आवाजासाठी ऐकली. गुरुशिष्यांतलं हे अंतर प्रतिभेचं होतं तेवढंच ओठावाचून जगण्याच्या सोयीचंही होतं.

गोवेकरांकडे ही सोय होती ती कागदाच्या रूपाने. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचून गाणं, शिकवलं जाई. बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा व्हायोलिन येई. हेतू साधा होता, प्रार्थनेला आणि फेस्ताला वाजवणारे लोक हवे होते. पण त्यामुळे बार्देश आणि साष्टीच्या खेड्यांतून अशी पोरं बाहेर पडली, ज्यांना समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवता येत होता. ब्रिटिश हिंदुस्थानातले लष्करी नि पोलिसी बँड, संस्थानिकांचे बँड, बोटींवरचे आणि हॉटेलांतले वाद्यवृंद, सगळीकडे त्यांना मागणी आली. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या त्या सामायिक बिऱ्हाडांत, पेटीशेजारी पथारी टाकून कामाची वाट पाहणाऱ्यांत खलाशी आणि आचारी असत, तसे वाजवणारेही असत.

तिशीच्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड, ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ असे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक येऊन गेले आणि मुंबईच्या गोवेकरांना जॅझ तबकडीवरून नव्हे, समोरासमोर ऐकायला मिळालं. हळदोण्यात 1916 मध्ये जन्मलेला आंतोनियो झेवियर वाझ याच वातावरणात चिक चॉकलेट झाला. त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आणि तो ट्रम्पेट, रुमाल नि घोगरा गळा यांसकट ते बिरुद मिरवतही असे. नक्कल म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आपल्याकडे घराण्याची सुरुवातही नकलेनेच होते.

मग हॉटेलांचं अर्थकारण फिरलं. 1947 नंतर नाचायला येणारे गोरे साहेब गेले, पाठोपाठ संस्थानिकांचा पैसा आटला, आणि 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बारची कमाई गेली. बार चालत नसेल तर मोठा बँड पोसायचा कुणी? नेमक्या त्याच वेळी हिंदी सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवासा वाटू लागला होता. संगीत दिग्दर्शकाच्या डोक्यात चाल असे. पण पंधरा व्हायोलिनं, चार ब्रास, गिटार, पियानो यांनी एकाच क्षणी काय वाजवायचं, हे कागदावर उतरवल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. त्या काळी गाणं सलग एका टेकमध्ये ध्वनिमुद्रित होई. ट्रम्पेटचा एक स्वर फाटला तर गायिकेसकट सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. इतका ठसठशीत आवाज असलेल्या वाद्याला लपायला जागाच नसते. अशा खोलीत वाचून बिनचूक वाजवणाऱ्याला काम मिळे, आणि लिहू शकणाऱ्याला त्याहून जास्त.

चिक चॉकलेट तसा लिहिणारा होता. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्र यांनी, त्याला साहाय्यक म्हणून जवळ केलं. 1950 चा ‘समाधी’ आणि 1951 चा ‘अलबेला’ या चित्रपटांतल्या गाण्यांचा जो लॅटिन आणि स्विंग ढंग आहे, त्यात मराठी चालकार आणि गोवेकर ट्रम्पेटवाला यांची भागीदारी कानाला लगेच कळते. ‘अलबेला’त तर चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो, भगवानदादांच्या त्या डुलत्या पावलांना ठेका देणारे खरे लोक कोण, याचा तेवढाच दृश्य पुरावा. त्याच वर्षी ‘नादान’ला त्याने स्वतंत्र संगीत दिलं, आणि त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं गाणं तलत महमूदच्या मऊ, थरथरत्या आवाजातलं आहे. हॉटेलात आर्मस्ट्राँग वाजवणारा माणूस तलतसाठी अशी हळुवार चाल बांधतो, हे मला त्याच्या कुठल्याही सोलोपेक्षा जास्त बोलकं वाटतं. 1967 मध्ये तो गेला तेव्हा त्याचं वय अवघं पन्नासच्या आसपास होतं.

कुडचड्याच्या फ्रँक फर्नांडने तर ट्रम्पेटपासून आणखी लांबची मजल मारली. हॉटेलातला वादक, मग सिनेमातला वादक नि अरेंजर, आणि शेवटी कोकणी चित्रपटांचा निर्माता: 1963 मध्ये ‘आमचें नशीब’, 1966 मध्ये ‘निर्मोण’. दुसऱ्याची कथा पुढे ‘तकदीर’ या नावाने हिंदीत गेली. मडगावचा ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा. पण लोकांच्या तोंडी तो राहिला तो चालकार म्हणून, गायिका लोर्नाच्या आवाजातल्या कोकणी गाण्यांमुळे. तिघांच्या वाटा तीन दिशांना जातात, पण प्रत्येकाने वाद्यातून मिळालेलं भांडवल ओठावर अवलंबून नसलेल्या कामात गुंतवलं.

यावर पहिला आक्षेप असा की, सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस हे सिनेसंगीतातले थोर अरेंजर तर व्हायोलिनवाले होते. मग यात ट्रम्पेटचं विशेष काय? आक्षेप रास्त आहे. लिहिण्याची विद्या ही ट्रम्पेटची नव्हे, त्या शाळांची देणगी. फरक निकडीचा आहे. व्हायोलिनवाल्याला वाटलं तर तो सत्तरीपर्यंत रांगेत बसून वाजवू शकतो आणि कित्येकांनी तेच केलं. त्याच्यासाठी अरेंजिंग ही बढती होती. ट्रम्पेटवाल्यासाठी ती विम्याची पॉलिसी होती. दुसरा आक्षेप म्हणून शिकागो सिम्फनीच्या अडॉल्फ हर्सेथचं उदाहरण देता येईल: 1948 पासून 2001 पर्यंत तो त्या वाद्यवृंदाचा प्रमुख ट्रम्पेटवादक होता. ओठ त्रेपन्न वर्षं टिकू शकतो, हे त्यावरून सिद्ध होतंच. पण त्याला बांधलेला पगार होता आणि कामाचा भार वाटून घ्यायला शेजारी दुसरे ट्रम्पेटवाले होते. मुंबईत रोजंदारी होती. संध्याकाळी क्लबात चार तास फुंकून सकाळी स्टुडिओत हजर व्हायचं, आणि ज्या दिवशी गाणं नाही त्या दिवशी पैसा नाही, अशा जगण्यात हर्सेथ घडत नाही.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: या लोकांची नावं गेली कुठे? चाल संगीत दिग्दर्शकाच्या नावावर जमा झाली, ती वाजण्याजोगी करणारा श्रेयनामावलीत कुठेतरी साहाय्यक म्हणून किंवा तेवढाही नाही. हा अन्याय होता आणि त्याची भरपाई झालेली नाही. पण त्यातून सिनेमाने त्यांची कला मारली असा निष्कर्ष निघत नाही. हॉटेलात त्यांनी रोज वाजवलेलं नाचाचं संगीत रात्रीबरोबर विरून गेलं. सिनेमातल्या वीस सेकंदांच्या तुकड्यात ते अजून ऐकू येतं. आणि जॅझ हाच त्यांचा शुद्ध धर्म नि गाण्यातलं ट्रम्पेट म्हणजे बाटणं, ही कल्पना बाहेरच्यांची आहे. ज्याने लहानपणी फेस्ताला, तरुणपणी पोलिस बँडात आणि मग ताजमध्ये वाजवलं, त्याला एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाण्यात भ्रष्टता दिसण्याचं कारण नव्हतं.

कागद नसता तर काय झालं असतं, हे पाहायला लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लग्नाच्या बँडमध्येही ट्रम्पेट आहे, आणि तिथले वाजवणारे कानाने शिकलेले, तल्लख स्मरणाचे. कालचं नवं गाणं आज वरातीत हजर करणारे. वाद्यावरची त्यांची हुकमत कमी नाही. पण लग्नसराई संपली की बहुतेकांना शेतावर किंवा मजुरीला जावं लागतं. त्यांचा दुसरा धंदा संगीतातून निघत नाही. बेंजो पार्ट्या आणि डीजे आले तेव्हा त्यांच्याकडे सरकायला दुसरी पायरीच नव्हती. गोवेकर वादकांवरही ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर कोसळला, पण तोवर त्यांतले कित्येक ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून लिहिण्याच्या टेबलापर्यंत पोचले होते.

ट्रम्पेट अजून रोजगार देतं ते तियात्रात, म्हणजे कोकणी संगीत नाटकात. 1892 मध्ये मुंबईतच पहिलं तियात्र रंगमंचावर आलं, आणि आजही गोव्यातल्या तियात्रांत मंचाखाली जिवंत बँड बसतो. दोन पडद्यांच्या मधल्या कांताराची, म्हणजे गाण्याची, ललकारी ट्रम्पेटच देतं, गायक श्वास घेतो तेवढ्या फटीत तेच भरतं, आणि विनोदी कडव्याच्या शेवटी टोमणाही तेच मारतं. वाजवणाऱ्याला पैसे प्रयोगागणिक मिळतात. त्याच्यासमोर स्टँड असतो, आणि स्टँडवर बहुतेक वेळा बँडमधल्याच कुणीतरी हाताने लिहिलेला कागद.