प्रोत्साहन कुणाच्या नावाने?

परभणी जिल्ह्यातल्या उद्योगांविषयी लिहायचे ठरले तेव्हा मी आधी शासननिर्णय वाचले आणि नंतर मानवतच्या जिनिंगमध्ये जाऊन बसलो. क्रम उलटा असता तर बरे झाले असते.

मागास भागात कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्राने 1964 मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. पुढे तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट पडले. मुंबई-पुण्याकडचा विकसित पट्टा अ गटात. जितका तालुका मागास, तितकी सवलत मोठी आणि तिची मुदतही लांब. मराठवाडा बहुतेक शेवटच्या पायऱ्यांवर. 1984 च्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तो रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा नऊ क्षेत्रांत. उद्योग त्या मोजणीत नव्हता. त्याची भिस्त सवलतींवरच राहिली.

सवलतीचा मोठा भाग म्हणजे कारखान्याने भरलेला कर त्याला अनुदानरूपाने परत करणे. कमाल रक्कम ठरते ती जमीन, इमारत, यंत्रे यांत घातलेल्या भांडवलावरून. इथेच मानवत आडवे येते.

मानवत, सेलू ही कापसाची गावे. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की साधारण 34 किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. धंदा दिवाळीनंतर चार-पाच महिन्यांचा, मग शेड रिकामी. सरकीचे तेल आणि पेंड इथे निघते. रुईच्या गाठी मात्र ट्रकमध्ये भरून गुजरात-तमिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे जातात. सूत, कापड, सदरा, म्हणजे जिथे खरी मजुरी आणि खरी किंमत वाढते ते सगळे बाहेर. ही गळती सरकारला दिसत नव्हती असे नाही. 2011 च्या वस्त्रोद्योग धोरणात मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्राला 10 टक्के भांडवली अनुदान ठेवले ते त्यासाठीच.

पण कराचे गणित 2017 मध्ये बदलले. आधी परराज्यात विकलेल्या मालावरचा केंद्रीय विक्रीकरही पाठवणाऱ्या राज्याकडेच राहत असे. जीएसटीत राज्याचा वाटा माल पोचतो त्या राज्याला मिळतो. जो कर आपल्या तिजोरीत येतच नाही तो महाराष्ट्र परत कसा करणार? म्हणून 2019 च्या योजनेत परतावा राज्यातच विकलेल्या मालावरच्या राज्य जीएसटीपुरता उरला. कोइमतूरला गेलेली गाठ त्यात बसत नाही. “तालुका मागास म्हणून सवलत मोठी,” एक जिनिंगमालक मला म्हणाले, “पन गिऱ्हाईक बाहीरचं, म्हनून हातात काहीच न्हाई. ह्याला काय म्हनावं, दादा?” मी चहा संपवला.

दूरच्या भागाला टिकवण्यासाठी पैसे मोजणारे आपण एकटेच नाही. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्क आणि नॉर्ड-ट्रॉम्स हा गोठलेला, विरळ वस्तीचा टापू आहे. तिथे 1990 पासून मालकाला कामगारांच्या पगारामागे द्यावे लागणारे सामाजिक सुरक्षेचे शुल्क माफ आहे, रहिवाशांचा आयकर कमी आहे, आणि तिथे राहून काम करणाऱ्या पदवीधराच्या शैक्षणिक कर्जातला दहावा हिस्सा, ठरावीक मर्यादेत, दरवर्षी माफ होतो. तरुणांची गळती त्यानेही पुरती थांबली नाही. शिवाय तेलाचा पैसा असलेल्या देशाशी आपली तुलना ताणू नये. मला त्यात खटकले, किंवा आवडले म्हणा, ते इतकेच की ती सवलत राहणाऱ्या माणसाच्या आणि त्याला दिलेल्या नोकरीच्या हिशेबाने मोजली जाते. आपली प्रामुख्याने यंत्राच्या आणि विक्रीच्या.

आपल्याकडे माणसाच्या नावाने सवलत अजिबात नाही असेही नाही. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या शासकीय कर्मचाऱ्यांना 2002 पासून एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळते. पण ती सरकारी नोकरीपुरती. सेलूच्या शेडमध्ये गाठी बांधणाऱ्याला मे महिन्यात कुणी काम दिले, तर त्या देणाऱ्याला योजनेत काय मिळते, हे मी जिनिंगमधून परतल्यावर पुन्हा शोधले. भांडवलाची मर्यादा सापडली, पात्रतेची वर्षे सापडली. मेमधल्या त्या पगाराचा रकाना सापडला नाही.

परतीला परभणी स्थानकावर पनवेल गाडी लागली होती. जनरलच्या डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती.