शब्दाला एकटे ठेवू नका

उर्दूतील 'कल' या शब्दाचा अर्थ काय? तुम्ही म्हणाल, "आधी पूर्ण वाक्य सांगा!" 'कल बारिश हुई थी' या वाक्यात 'कल' म्हणजे काल. 'कल इम्तिहान होगा' या वाक्यात 'कल' म्हणजे उद्या. हे तुमच्याकडून कोणी पाठ करून घेतले नाही. आजूबाजूच्या शब्दांवरून तुम्ही अर्थ ओळखलात. यालाच संदर्भ म्हणतात. इंग्रजी भाषाही अशीच शिकता येते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा हा डोंगराळ भाग आहे. तेथील वांगणीसारख्या गावांत अनेकांच्या घरी वारली, कातकरी अशा बोली बोलल्या जातात. मुले शाळेत मराठी शिकतात आणि इंग्रजीही शिकतात. तुमच्या घरी उर्दू, शाळेत मराठी आणि इंग्रजी. म्हणजे त्यांची वाट आणि तुमची वाट सारखीच!

याच जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. पाने, बिया, खडे हीच शिकण्याची साधने झाली. डोळ्यांसमोरच्या वस्तूंतून मिळालेले ज्ञान मनात टिकते, हे त्यांनी जाणले होते.

आता घरातील औषधाची बाटली पाहा. काही बाटल्यांवर इंग्रजीत लिहिलेले असते, 'शेक वेल बिफोर यूज'. तुम्ही 'वेल' म्हणजे विहीर असे पाठ केले असेल. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते. तेथे विहीर कोणाला ठाऊक नाही? पण बाटलीत विहीर कोठून येणार! 'शेक' म्हणजे हलवणे. म्हणून येथे 'वेल' म्हणजे 'नीट'. तळाशी बसलेले औषध मिसळावे, म्हणून बाटली नीट हलवायची.

आता व्याकरण पाहू. आपण मराठीत 'जेवणानंतर' म्हणतो, उर्दूत 'खाने के बाद' म्हणतो. 'नंतर' आणि 'बाद' हे शब्द शेवटी येतात. इंग्रजीत मात्र 'आफ्टर फूड'. तेथे 'आफ्टर' आधी येतो! तसेच 'मेजावर', 'मेज पर', पण 'ऑन द टेबल'. एका बाटलीने तुम्हांला केवढा नियम शिकवला!

मात्र एक लक्षात ठेवा. 'बिफोर' म्हणजे आधी आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर. यात गफलत झाली, तर औषध चुकीच्या वेळी पोटात जाईल. गोष्ट वाचताना अर्थाचा अंदाज जरूर करा. पण औषधाच्या बाबतीत शंका आली, तर डॉक्टरांना विचारा.

आजपासून एक वही करा. दुकानाची पाटी, साबणाचे वेष्टन, रेल्वेचे तिकीट यांवरील रोज एक इंग्रजी शब्द तीत लिहा. त्याच्यासोबत तो जेथे भेटला, ते पूर्ण वाक्यही लिहा. माणसाप्रमाणे शब्दाचीही खरी ओळख त्याच्या सोबत्यांमध्येच होते.